‘सापाला दूध पाजणे’ : वाक्प्रचार आणि वस्तुस्थिती

‘सापाला दूध पाजणे’ या वाक्प्रचारात पाजणारा भोळा आणि पिणारा कृतघ्न ठरतो. दुधाने सापाचे विषच वाढते, असे संस्कृत सुभाषितकारही सांगून गेले. वस्तुतः या व्यवहारात बळी जातो तो सापाचाच. नागपंचमीपूर्वी गारुडी नागाला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवीत. तहानेने व्याकूळ झालेला नाग मग पुढे येईल तो द्रव पिई. दूध त्याला पचत नाही, आणि ते श्वासनलिकेत शिरल्यास फुप्फुसांना सूज येऊन तो दगावतो.

दुधाचा हा अपाय आता पुष्कळांस ठाऊक आहे. अतिभोजनाचा तितकासा नाही. पेण आणि रोहा यांच्या दरम्यानच्या कासूसारख्या गावी भातखाचरांत वावरणाऱ्या धामणीला रोज उंदीर सापडतोच असे नाही. मिळेल तेव्हा गिळावे, ही सापाची प्रकृतीच होय. पिंजऱ्यातील सापही पुढे केलेले भक्ष्य सहसा नाकारीत नाही, आणि पाळणारा या तत्परतेलाच भूक समजतो. (नाग, धामण, अजगर हे देशी साप घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे, प्रश्न उरतो तो प्राणिसंग्रहालयांचा आणि विदेशी जाती पाळणाऱ्या हौशी मंडळींचा.)

‘अजगर’ म्हणजे अज, अर्थात बकरा, गिळणारा. नावात भक्ष्याचे आकारमान आले आहे, दोन जेवणांमधील अंतर आलेले नाही; आणि खरे मर्म त्या अंतरातच आहे. ब्रह्मी अजगराने स्वतःच्या वजनाच्या चतुर्थांशाएवढे भक्ष्य गिळल्यास ४८ तासांत त्याच्या हृदयाच्या निलयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आतडे व यकृतही वाढतात, आणि पचन संपल्यावर पूर्ववत होतात. हे चक्र पुरे होण्यापूर्वीच दुसरे भक्ष्य दिले, तर साप ते ओकून टाकण्याचा संभव असतो. ओकला नाही, तर चरबी प्रथम उदरपोकळीतील मेदपिंडांत साठते आणि पुढे यकृतात उतरते. मादीला अंडी घालणेही अवघड जाते. खवल्यांमध्ये फटी पडून त्वचा दिसू लागते, तोवर विकार बराच पुढे गेलेला असतो.

अशा वेळी एकाएकी कडक उपास घडविणे हा उपाय नव्हे; त्याने साठलेली चरबी वेगाने यकृतात येऊन विकार बळावू शकतो. भक्ष्य लहान करावे, दोन जेवणांमधील अंतर हळूहळू वाढवावे आणि सापाचे वजन वेळोवेळी नोंदवून ठेवावे.