पामुक्कलेची कुंडं रीलमध्ये भरलेली, प्रत्यक्षात कोरडी, असं का?

पांढराशुभ्र डोंगर, त्यावर पायऱ्यापायऱ्यांची कुंडं आणि कुंडांत निळं पाणी. तुर्कीतल्या पामुक्कलेचं असं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. पण तिथे पोहोचल्यावर बरीच कुंडं कोरडी दिसतात आणि आपण फसलो की काय, असं वाटतं. खरं तर या कोरडेपणामुळेच हा डोंगर अजून पांढरा आहे.

डोंगर पांढरा कशामुळे?

पामुक्कले म्हणजे ‘कापसाचा किल्ला’. इथे जमिनीतून गरम पाण्याचे झरे येतात. या पाण्यात चुना आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. सोड्याची बाटली उघडल्यावर गॅस निघून जातो, तसा पाणी वर येताच हा वायू उडतो आणि चुना खाली बसतो. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे तो हजारो वर्षं चालू आहे.

मग पाणी गेलं कुठे?

डोंगरमाथ्यावर थेट झऱ्यांजवळ हॉटेलं उभी राहिली आणि गरम पाणी त्यांच्या स्विमिंग पूलकडे वळलं. कुंडांवरून रस्ताही काढला गेला. पांढरा रंग मळू लागला. १९८८ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. पुढे ही हॉटेलं पाडण्यात आली आणि रस्त्याच्या जागी कृत्रिम कुंडं बांधली गेली.

आता कालव्याच्या पाण्यासारखं इथलं पाणीही पाळीपाळीने सोडलं जातं. एकाच कुंडात ते सतत राहिलं तर शेवाळ धरतं. मधल्या काळात ऊन लागलं की ताजा थर सुकून कडक आणि पांढरा होतो. या थरावर चप्पल-बूट घालून चालायलाही बंदी आहे.

शेजारी ‘नरकाचं दार’

याच माथ्यावर हायरापोलिस या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वसलेल्या या शहरात रोमन काळातलं नाट्यगृह आणि हजाराहून जास्त थडगी आहेत. इथलंच ‘प्लुटोनियन’ म्हणजे पाताळाचं दार. आत सोडलेल्या चिमण्या तत्काळ मेल्या, असं ग्रीक भूगोलतज्ज्ञ स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय.

यामागेही तोच वायू आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून खाली मान असलेले बळीचे प्राणी मरायचे आणि उंच उभे राहिलेले पुजारी वाचायचे, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

क्लिओपात्रा इथे पोहली होती?

जवळच्या ‘क्लिओपात्रा पूल’मध्ये पाण्याखाली संगमरवरी खांब दिसतात. हे खांब सातव्या शतकातल्या भूकंपात कोसळले, असं मानलं जातं. क्लिओपात्राचा मृत्यू इसवी सनापूर्वी ३० मधला. त्यामुळे खांबांमधून पोहणारी राणी ही फक्त दंतकथा.

जाणार असाल तर?

चप्पल ठेवायला पिशवी घ्या. पांढऱ्या दगडावरून ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून गॉगल हवाच. अवशेष पाहायला किमान अर्धा दिवस राखून ठेवा. आणि कुंड कोरडं दिसलं तर चिडू नका, त्याची पाण्याची पाळी यायची असेल.