केस रंगवा, पण आधी पारखा

जयंती किंवा घरातला मंगल परिणय जवळ आला की आपल्या वस्त्यांत मोरीत आरसा टेकवून केस रंगवणे सुरू होते. मग कपाळावर काळा पट्टा, काळे कान, पांढऱ्या साडीवर डाग! यावर आपण हसतो. कपाळाला, कानांना आधी खोबरेल लावले, जुना टॉवेल खांद्यावर घेतला की हे टळते.

पण डोळे सुजणे, डोके चिघळणे ही हसण्याची बाब नाही. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी हे रसायन असते. ते काहींना सोसत नाही. आजवर सोसले म्हणून पुढेही सोसेलच असे नाही. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, प्रत्येक वेळी ४८ तास आधी थोडा डाय कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर तो वापरू नका. भुवया-पापण्यांना कधीच लावू नका. पुडी मुलांपासून दूर ठेवा. पोटात गेल्यास जीवावर बेतते.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. शेजारणीला चाललेला डायही त्याला अपवाद नाही.