निवृत्तिवेतन : आकडा, शब्द आणि लोकमत



निवृत्तिवेतन हा विषय रुक्ष समजला जातो. टक्के, शासननिर्णय आणि तक्ते यांच्या या रानात सामान्य माणूस सहसा शिरत नाही, आणि शिरलाच तर वाटाड्याच्या मागे मुकाट चालतो. परंतु म्हातारपणी घरात चूल पेटणार की नाही, हे ज्या प्रश्नावर ठरते तो प्रश्न वाटाड्यांवर सोपवून कसे चालेल? जुनी पेन्शन चांगली की नवी, याचा निवाडा मी आज करणार नाही. या प्रश्नावर आपले मत बनते कसे, कोणती माहिती आपल्यापर्यंत पोहोचते, कोणती पोहोचत नाही, आणि पोहोचते ती कोणत्या शब्दांत बांधलेली असते, एवढेच मला सांगायचे आहे. मी कामगार चळवळीतला माणूस आहे. माझा कल लपवण्याचे कारण नाही. पण कल असणे वेगळे आणि तराजूला पासंग बांधणे वेगळे.

वाद कशाचा?

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जे लागले, त्यांना सामान्यतः जुनी पेन्शन नाही. जुन्या पद्धतीत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईची वाढ आणि मागे राहिलेल्या कुटुंबाला कुटुंबनिवृत्तिवेतन, अशी सोय होती. त्यासाठी पगारातून कपात नव्हती. नव्या पद्धतीत कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कापतात, शासन आपला वाटा घालते. हा वाटा आधी दहा टक्के होता, २०१९ पासून चौदा टक्के झाला. जमलेली रक्कम बाजारात गुंतवतात. निवृत्तीच्या वेळी साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते; उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून दरमहा उत्पन्नाची सोय विकत घ्यावी लागते.

सार एवढेच की, जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्याला काय मिळणार हे ठरलेले आणि सरकारला काय खर्च येणार हे न ठरलेले. नव्या पद्धतीत काय भरायचे हे ठरलेले आणि काय मिळणार हे न ठरलेले. जोखीम सरकारच्या खांद्यावरून उतरून कर्मचाऱ्याच्या खांद्यावर आली.

एवढा मोठा बदल २००५ साली फारसा गाजावाजा न होता कसा झाला? एक कारण उघड आहे. ज्यांच्यावर तो लागू व्हायचा होता ते अजून नोकरीत आलेलेच नव्हते, आणि जे नोकरीत होते त्यांचे काही जात नव्हते. दुसरे कारण नावात आहे. योजनेचे मराठी नाव होते ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’. या नावावरून आपल्या म्हातारपणाचे काय होणार हे किती शिक्षकांना, किती तलाठ्यांना उमगले असेल, याचा तुम्हीच विचार करा.

एकाच रकमेची दोन रूपे

आता शब्दांची करामत एका हिशेबाने पाहू. समजा, एका कर्मचाऱ्याच्या खात्यात निवृत्तीच्या दिवशी पन्नास लाख रुपये जमले. योजनेचा समर्थक म्हणेल, “याला पन्नास लाख मिळाले!” विरोधक म्हणेल, “याला दरमहा दहा हजारच पेन्शन!” दोघेही खोटे बोलत नाहीत. चाळीस टक्के म्हणजे वीस लाख. त्यावर सहा टक्के धरले तर वर्षाला एक लाख वीस हजार, महिन्याला दहा हजार. उरलेले तीस लाख त्याने त्याच दराने सांभाळून ठेवले तर आणखी पंधरा हजार. मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये ते गेले तर काही नाही. शिवाय महागाई वर्षाला सहा टक्के वाढली तर आजच्या दहा हजारांची किंमत सुमारे बारा वर्षांत निम्मी होते. पहिला माणूस हा शेवटचा भाग सांगत नाही. दुसरा माणूस तीस लाखांचे नाव काढत नाही.

माणसाचे मन अशा मांडणीने कसे वळते, हे कानेमन आणि ट्वर्स्की या शास्त्रज्ञांनी १९८१ साली दाखवले. सहाशे लोकांवर साथीचे संकट आले आहे अशी कल्पना करा. “या उपायाने दोनशे जण नक्की वाचतील” असे सांगितले तेव्हा १०० पैकी ७२ जणांनी तो उपाय पत्करला. “या उपायाने चारशे जण मरतील” असे सांगितले तेव्हा तोच उपाय १०० पैकी अवघ्या २२ जणांनी पत्करला. सहाशेतून दोनशे वाचले म्हणजे चारशे गेले, हे गणित मुलालाही येते. तरी मत फिरले, कारण एकीकडे लाभ दिसला आणि दुसरीकडे हानी.

नागपुरातला आकडा

हाच खेळ आपल्या शहराने जवळून पाहिला. डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात, येथील विधान भवनात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी पेन्शन दिल्यास एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. आकडा प्रचंड होता आणि तो घरोघरी पोहोचला. पण तो किती वर्षांचा, कोणत्या सालापासूनचा, हे किती जणांपर्यंत पोहोचले? २००५ अखेर पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ च्या सुमारास निवृत्त होणार. म्हणजे त्याच्या पेन्शनचा भार त्या वर्षीच्या तिजोरीवर नव्हताच.

पुढच्याच महिन्यात नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली. जुनी पेन्शन हा तिच्यातला मोठा मुद्दा झाला, सरकारी भाषा मवाळ झाली, आणि महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावरचे सुधाकर अडबाले निवडून आले. १४ मार्च २०२३ पासून राज्यभर संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तालुक्याच्या गावापर्यंत गेली. २० मार्चला, समिती नेमल्यावर आणि आश्वासन मिळाल्यावर, संप मागे घेतला गेला. याच दिवसांत कोल्हापुरात मात्र जुन्या पेन्शनच्या विरोधात बेरोजगार तरुणांचा मोर्चा निघाला.

आमच्या बाजूच्या घोषणाही याच कसोटीला लावल्या पाहिजेत. “आमदाराला पेन्शन, मग आम्हाला का नाही?” हा सवाल टाळ्या घेतो आणि न्यायाच्या दृष्टीने तो रास्तही आहे. पण आमदार मोजके, कर्मचारी लाखो. त्यामुळे पैसा कुठून येणार याचे उत्तर त्या सवालात नाही. रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासात सप्टेंबर २०२३ मध्ये असे दाखवले गेले की, जुन्या पद्धतीकडे परतल्यास राज्यांचा एकूण भार नव्या पद्धतीच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. पहिल्या वर्षांत मात्र उलट घडते : चौदा टक्क्यांचा वाटा भरावा लागत नाही म्हणून सरकारचा पैसा वाचतो. आज वचन देणाऱ्याला बचत आणि बिल येईल ते दुसऱ्याच्या कारकिर्दीत, ही सोय सर्व पक्षांना कळते. ती कामगारालाही कळली पाहिजे; नाहीतर मिळालेली पेन्शन पुढे कोणी काढून घेईल तेव्हा आपल्याजवळ उत्तर नसेल.

बोजा, कृपा की हक्क?

अंदाजपत्रकाच्या बातमीत निवृत्तिवेतन नेहमी व्याजाच्या शेजारी ‘बोजा’ म्हणून बसलेले दिसते. रस्त्याला कोणी बोजा म्हणत नाही. याच शहरात १८७७ साली सुरू झालेल्या टाटांच्या एम्प्रेस मिलने एकोणिसाव्या शतकातच कामगारांसाठी निवृत्तीचा निधी काढला, तेव्हा तो मालकाचा उदारपणा गणला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात निर्वाळा दिला की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. ‘बोजा’ म्हटले की तो उतरवावासा वाटतो, ‘कृपा’ म्हटले की आभार मानावेसे वाटतात आणि ‘मागे ठेवलेला पगार’ म्हटले की हिशेब मागावासा वाटतो. रुपया तोच.

शब्दांच्या या झगड्यात सर्वांत मोठा अन्याय चौकटीबाहेर राहिलेल्यांवर होतो. खाजगी कारखान्यातल्या कामगाराची १९९५ ची पेन्शन योजना घ्या. तिचे सूत्र सोपे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पंधरा हजारांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षे राबला तर साडेसात हजार. तिची किमान रक्कम २०१४ साली एक हजार ठरली. तिच्यासाठी बुलढाण्यात वृद्धांनी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण चालवले; त्याला किती जागा मिळाली? आणि शेतमजूर, मोलकरीण, रिक्षावाला? श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा पंधराशे झाली; त्यात पासष्टीच्या म्हातारीने महिना काढायचा. जुनी विरुद्ध नवी असाच वाद मांडला की ही सगळी माणसे प्रेक्षक होतात. मग कोल्हापूरच्या तरुणाला कर्मचारी आपला शत्रू वाटला तर आश्चर्य काय?

माहिती दिली की भागते का?

युरोपात २००० सालाच्या आसपास जनमताची पाहणी झाली. आपल्या पेन्शनव्यवस्थेचा खर्च किती, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते सुधारणेला अधिक अनुकूल होते. यावरून काही विद्वान म्हणतात, लोकांना शिकवा म्हणजे ते मान्य करतील. यात अर्धे सत्य आहे. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कायद्याने स्त्रियांचे पेन्शनचे वय साठवरून वाढवायचे ठरले. पण पुष्कळ स्त्रियांना वैयक्तिक पत्र वेळेवर गेले नाही. तेथील लोकपालाने २०२४ साली हा सरकारचा दोष ठरवला. उलट स्वीडनमध्ये १९९९ पासून दर वर्षी नारिंगी पाकीट घरी येते आणि आपल्या खात्यात काय जमले, पुढे काय अपेक्षित आहे, हे नागरिकाला कळते. वेळेवर, प्रत्येकाला आणि त्याच्या स्वतःच्या रकमेत सांगितलेली माहिती विश्वास निर्माण करते. संकट गळ्याशी आल्यावर फेकलेला आकडा दहशत निर्माण करतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ‘एकीकृत’ योजना मंजूर केली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी होकार दिला. मथळा झाला, “पन्नास टक्के पेन्शनची हमी”. मथळ्याखालची अट अशी की केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पंचवीस वर्षे सेवा हवी. वीस वर्षे भरली तर सुमारे चाळीस टक्के. उशिरा नोकरी मिळालेल्या माणसाने ही अट आधी वाचावी.

तेव्हा पेन्शनविषयी कोणीही, सरकारने, वर्तमानपत्राने किंवा संघटनेने, एखादे वाक्य सांगितले तर पाच प्रश्न विचारा. आकडा किती वर्षांचा? तो एकूण आहे की दरमहा? महागाई धरली आहे का? जोखीम कोणाच्या खांद्यावर? आणि या हिशेबात कोणाचे नावच नाही? संत्रा मार्केटात पेटी घेताना आपण वरचा थर पाहून पैसे मोजत नाही. हात खाली घालून तळचे फळ चाचपतो. उद्या तुमच्या संघटनेच्या सभेत पेन्शनचा ठराव आला तर हे पाच प्रश्न घेऊन उभे राहा, आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नका.