प्रा. राम कापसे : एका कारकीर्दीचा मागोवा

शीळफाट्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा मुलूख 2009 च्या निवडणुकीपासून कल्याण लोकसभा मतदारसंघात मोडत असला, तरी त्यापूर्वी तो ठाणे या एकाच विस्तीर्ण मतदारसंघाचा भाग होता, आणि रामभाऊ म्हाळगी यांनी 1977 व 1980 साली जिंकलेल्या त्या जागेचा वारसा पुढे ज्यांच्याकडे आला, ते प्रा. राम कापसे मूळचे मराठीचे अध्यापक होते. 1978 साली ते कल्याणचे आमदार झाले; 1989 व 1991 अशा दोन्ही निवडणुकांत ठाणेकरांनी त्यांना दिल्लीस पाठविले.

या कारकीर्दीचा खरा कस मात्र लागला तो 1996 साली, आणि तोही मतदारांच्या दारी नव्हे. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या सभासदास दर दोन वर्षांनी लोकांपुढे जावे लागते, आणि पक्षाची उमेदवारीसुद्धा बहुधा प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवितात. आपल्याकडे, शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्या आग्रहाखातर युतीच्या वाटाघाटींत ठाण्याची जागा कापसे यांच्या भाजपकडून शिवसेनेकडे गेली, प्रकाश परांजपे उमेदवार झाले, आणि विद्यमान खासदाराची रुजुवात मतपेटीपर्यंत पोहोचलीच नाही. कापसे यांनी बंडाचे निशाण उभारले नाही. त्याच वर्षी पक्षाने त्यांना राज्यसभेवर घेतले खरे; पण लोकांनी दिलेली सनद आणि पक्षाने दिलेले इनाम यांत अंतर असते, हे कोणीही सुज्ञ मान्य करील.

जानेवारी 2004 मध्ये ते अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले. पुढे केंद्रात सत्तांतर होऊन जुलैत चार राज्यपालांना पायउतार व्हावे लागले असता कापसे यांचा हुद्दा कायम राहिला, आणि 26 डिसेंबरच्या त्सुनामीने कार निकोबारसह अनेक बेटे उद्ध्वस्त केली तेव्हा त्या दूरस्थ प्रदेशाच्या कारभाराची जबाबदारी या कल्याणकर प्राध्यापकावर होती. निकोबार जनजातींसाठी राखीव असल्यामुळे परवान्यावाचून बाहेरच्यांस तेथे मज्जाव. साहजिकच मदतीस धावलेल्या संस्था खोळंबल्या आणि प्रशासनावर टीका झाली. ती सर्वस्वी अन्याय्य होती असे मला वाटत नाही. परंतु आपत्तीच्या धांदलीतही त्या जनजातींचे संरक्षक नियम गुंडाळून ठेवणे हा काही सोपा न्याय नव्हता.

मे 2006 अखेर त्यांची तेथील मुदत संपली. 29 सप्टेंबर 2015 रोजी त्यांचे निधन झाले. 1996 साली त्यांच्याकडून गेलेली ठाण्याची जागा परांजपे यांनी त्या वर्षापासून सलग चार वेळा जिंकली.