तीन मिनिटांची हवा

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चार्जिंगला वेळ किती? घरच्या प्लगवर रात्र जाते, हायवेवरच्या फास्ट चार्जरवरही चहा-नाश्ता उरकून होतो. या दुखण्यावर उतारा म्हणून गी नेग्र या फ्रेंच इंजिनीअरच्या गाडीचं नाव अधूनमधून निघतं. त्याच्या एमडीआय कंपनीची गाडी शहरात नुसत्या दाबलेल्या हवेवर चालणार होती आणि पंपावर तिची टाकी दोन-तीन मिनिटांत भरणार होती. २००७ मध्ये टाटा मोटर्सने एमडीआयशी करार केला, तेव्हा आपल्याकडेही या गाडीची चर्चा रंगली.

झटपट भरण्यात अशक्य काहीच नाही. कॉम्प्रेसर दिवसभर सावकाश चालवून सिलिंडरांची रांग भरून ठेवायची. गाडी आली की आधी कमी दाबाचे सिलिंडर उघडायचे, मग जास्त दाबाचे. सीएनजी पंपावर हेच चालतं. फरक दाबाचा. सीएनजी गाडीत २०० बारच्या आसपास भरतात, एमडीआयने हवेसाठी ३०० बार धरले होते. कारच्या टायरमधल्या दाबाच्या हे जवळजवळ दीडशे पट.

अडचण उष्णतेची आहे. सायकलला भराभर हवा मारली की पंपाचं बूड चटका देतं. घाईने भरलेली टाकीही तशीच तापते. काटा ३०० दाखवतो, पण टाकी निवली की खाली उतरतो आणि फुल्ल वाटलेली टाकी प्रत्यक्षात उणी निघते. ७०० बारच्या हायड्रोजन पंपांवर म्हणूनच वायू उणे ४० अंशांपर्यंत गार करून मग गाडीत सोडतात. त्या गार करण्याला वीज लागते ती वेगळीच.

इंजिनात नेमकं उलटं घडतं. हवा मोकळी होताना गारठते, तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होतो, जोर घटतो.

हा त्रास जुनाच. फ्रान्समधल्या नांत शहरात १८७९ पासून लुई मेकार्स्कीच्या हवेवरच्या ट्राम धावत होत्या. हवेच्या टाक्या डब्याखाली, दाब सुमारे ३० बार आणि चालकाजवळ कढत पाण्याचं पात्र. टाकीतली हवा त्या पाण्यातून बुडबुडत वर येई, वाफ घेऊन गरम होई आणि मग इंजिनात शिरे. त्यामुळे ठाण्यावर नुसती हवा भरून भागत नसे, पात्रही पुन्हा तापवावं लागे. मार्ग ठरलेला, ठाणं ठरलेलं, म्हणून हे जमलं. १९१७ पर्यंत या ट्राम चालल्या.

कारचा हिशेब मात्र बसत नाही. ३०० लिटरची टाकी ३०० बारने भरली तरी तिच्यात कागदावर जेमतेम १४ युनिट ऊर्जा मावते, आणि चाकांपर्यंत त्यातलीही सगळी पोचत नाही. ती भरायला कॉम्प्रेसरला याहून बरीच जास्त वीज लागते. वरची उष्णता होऊन उडून जाते. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे गणित मांडलं. हवेची गाडी बॅटरीच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी कार्यक्षम ठरली. वीज मुख्यतः कोळशाची असेल, तर पेट्रोलच्या गाडीपेक्षाही ती जास्त हरितगृह वायू सोडायला लावते. भारतात बहुतांश वीज कोळशाचीच आहे.

टाटा मोटर्सने २०१२ मध्ये दोन गाड्यांवर इंजिनाच्या चाचणीचा पहिला टप्पा पार पडल्याचं जाहीर केलं. गाडी शोरूमला काही आली नाही. जानेवारी २०२० मध्ये याच कंपनीने नेक्सॉन ईव्ही बाजारात आणली. तिच्या बॅटरीत ३०.२ युनिट मावत होते, म्हणजे हवेच्या त्या ३०० लिटरच्या टाकीच्या दुपटीहून जास्त.

पंपाची भानगडच नको, असाही एक प्रयत्न झाला. प्यूजो-सित्रोएनने २०१३ मध्ये दाखवलेल्या ‘हायब्रिड एअर’ गाडीत पेट्रोल इंजिन होतंच. ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा तेलाच्या दाबाने नायट्रोजन दाबून ठेवायची आणि सिग्नल सुटला की तोच दाब चाकं फिरवायचा. टाकी छोटी, भरायला काही सेकंद पुरेत. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीसाठी ही सोय चांगली होती, पण हा प्रकल्पही कारखान्यातल्या उत्पादनापर्यंत पोचला नाही.