आमचे आठ लाख
पेन्शनीत निघाल्यावर आम्ही उभयतांनी थायलंडात, चिआंग माईला बिऱ्हाड केले. पन्नाशी उलटलेल्यांना तेथे वर्षावर्षाने मुदतवाढ मिळते; मात्र ऐपत दाखवावी लागते. महिना ६५,००० बाट उत्पन्न, नाहीतर तिथल्या बँकेत ८ लाख बाट. माझी पेन्शन तोकडी, म्हणून आठ लाख ठेवले. अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. पुढेही शिल्लक चार लाखांखाली जाता कामा नये.

मंजुरीला महिना झाला नाही तोच पुण्याहून मुलाचा फोन : "बाबा, घराचे हप्ते थकलेत." सौभाग्यवती माझ्याकडे पाहू लागली. पासबुक उघडले, मिटले. "दोन महिने थांब," एवढेच म्हणालो.

मंडळी, पेन्शनीसाठी नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला सोपा. ऐपतीचा फार महाग पडतो!