महिन्यामहिन्याचा हिशेब

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि परिचारिकांपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत अनेकांच्या घरात जर्मनीचा विषय निघू लागला. त्याच वर्षी जूनपासून नोकरी शोधण्यासाठी वर्षभर तिथे राहू देणारं ‘चान्सनकार्ट’ही सुरू झालं. पोरं भाषेच्या क्लासला जाऊ लागली. रेझ्युमे मात्र तोच राहिला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सीनियरकडून घेऊन नाव बदललेला.

आपला रेझ्युमे म्हणजे लग्नाच्या बायोडेटाचा धाकटा भाऊ. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी शपथ. जर्मनीत यातलं बरंचसं लागत नाही. फोटोचं प्रकरण जरा मजेशीर आहे. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपन्यांनी फोटो मागणं बंद केलं, पण उमेदवारांची लावायची सवय काही पुरती सुटलेली नाही. लावलाच तर स्टुडिओत नीट काढलेला लावा, आधारकार्डावरचा नको. खाली गाव, तारीख आणि सही करण्याची जुनी रीतही अजून दिसते. शपथ मात्र कुणी घेत नाही.

खरी अडचण मजकुराची. चाकणच्या कारखान्यात पाच वर्षं काढलेला इंजिनिअर लिहितो, ‘मेंटेनन्सच्या सर्व कामांची जबाबदारी’. वाचणाऱ्याला यातून काय कळणार? त्याऐवजी ‘सहा सीएनसी मशिन्सची देखभाल, पीएलसीमधले बिघाड शोधणं, दोन तंत्रज्ञांवर देखरेख’ असं लिहिलं की माणूस काय करतो ते दिसतं. ‘मेहनती’, ‘टीम प्लेयर’ हे शब्द खुशाल काढून टाका. सगळं दोन पानांत, सर्वात अलीकडची नोकरी वर, आणि प्रत्येक ओळीसमोर महिना आणि वर्ष.

महिना लिहायचा म्हटलं की आपल्याकडच्या अनेकांची पंचाईत होते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीसाठी घालवलेली दोन वर्षं कुठे दाखवायची? सर्रास उपाय म्हणजे महिने गाळून नुसती वर्षं लिहायची, म्हणजे खड्डा बुजतो. नोकरी देणाऱ्या जर्मनाची नजर नेमकी तिथेच जाते. त्यापेक्षा ‘राज्यसेवा स्पर्धा परीक्षेची तयारी, पुणे’ अशी ओळ महिन्यांसह सरळ टाकावी. बाळंतपणानंतर घरी राहिलेल्या बाईनेही तेच करावं. तिथे प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत पालकत्वाची रजा घेता येते, त्यामुळे ‘मुलाचं संगोपन’ वाचून कुणाची भुवई उंचावत नाही. न सांगितलेली सहा महिन्यांची पोकळी मात्र खटकते.

मार्कांचं गणित उलटं. तिथे १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. नुसतं ‘८.२ सीजीपीए’ लिहिलं तर वाचणारा गोंधळतो. रूपांतराचं प्रचलित सूत्र असं: सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी ४ ला पास धरलं तर ८.२ चे होतात १.९, म्हणजे चांगलेच. मूळ आकडा ठेवून शेजारी हा लिहावा. विद्यापीठाला तिथे मान्यता आहे का, हे ‘अनाबिन’ या सरकारी डेटाबेसमध्ये फुकट पाहता येतं. भाषेपुढे ‘चांगली’ न लिहिता परीक्षेची पातळी लिहा: मॅक्स म्युलर भवनाची बी-१ असेल तर बी-१. परिचारिकांची गोष्ट वेगळी. त्यांचा पेशा कायद्याने नियंत्रित असल्यामुळे आपल्या शिक्षणाला आधी मान्यता मिळवावी लागते. एकटा रेझ्युमे तिथे फार चालत नाही.

रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीच्या मागे कागद लागतो. जर्मनीत नोकरी सोडताना कामाचा तपशील आणि मूल्यमापन असलेलं प्रशस्तिपत्र मिळणं हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्याची भाषा ठरीव असते. ‘आम्ही समाधानी होतो’ वाचून आपण खूश होऊ, पण तिथला एचआरवाला त्याचा अर्थ ‘काठावर पास’ असा घेतो. ‘सदैव’ आणि ‘पूर्णपणे’ हे दोन्ही शब्द जोडीने आले तरच दाद समजायची. आपलं रिलीव्हिंग लेटर यापुढे अगदीच मुकं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होता, पुढील वाटचालीस शुभेच्छा, संपलं. म्हणून राजीनामा दिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतच्या नोटीस पिरियडमध्येच सविस्तर पत्र मागून ठेवावं: हुद्दा, मशिन्स, हाताखालची माणसं, केलेली कामं. मसुदा स्वतःच टाइप करून न्यावा. वाचून, एखादा शब्द बदलून लेटरहेडवर सही-शिक्का मारून देणारे साहेब पुष्कळ भेटतात. लिहायला बसा म्हटलं की त्यांनाच वेळ नसतो.